खनिजांसह, असल्यास

ड्रीमा कोगर डावखुरी होती, हे मला ती गेल्यावर, शवपेटीशी उभा असताना, तिच्या बहिणीकडून कळलं. नऊ वर्षं तिचं घर ओढ्याच्या पलीकडे आणि माझं अलीकडे. तिने माझ्यासमोर शेंगा मोडल्या, कुऱ्हाड चालवली, कागदांवर सह्या केल्या. पण ती कुठल्या हाताने हे करते, तेवढंही मी पाहिलं नाही. तेव्हा तिचं चरित्र माझ्याकडून होणार नाही. ती देवाकडे काय मागायची, तिचा नवरा कामासाठी ओहायोला गेला तो परत का आला नाही, ह्यातलं मला काही ठाऊक नाही. मला फक्त तिच्या घराची गोष्ट ठाऊक आहे. ती कुणीतरी लिहायला हवी होती, आणि ज्यांना लिहिण्याचा पगार मिळतो त्यांनी लिहिली नाही.

ड्रीमाने चौतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. आमच्या बेअरवॉलो खोऱ्यातला चाळिशीच्या आतला कुठलाही माणूस घ्या, तो तिच्या हातचा मक्याचा पाव खाऊन वाढलेला. सगळे तिला ड्रीमामावशी म्हणायचे, कचेरीतले साहेब झाले तरी. राहायची भाड्याच्या पत्र्याच्या घरात, चाकांवरच्या. पावसाळी वाऱ्यात ते घर हलायचं. बहिणी म्हणायच्या, "अगं, एखादं बरं घर घे की आता." ती म्हणायची, "घेईन. पण खालच्यासकट घेईन."

हे 'खालच्यासकट' तिच्या डोक्यात सहाव्या वर्षापासून बसलं होतं. तिच्या आजोबांनी कधीकाळी एका कागदावर फुली मारली होती. लिहिता येत नव्हतं, म्हणून फुली. कागद कोळशाच्या हक्काचा होता. आजोबा वारले, कागद राहिला. पुढे साठ-एक वर्षांनी एके सकाळी बुलडोझर डोंगरावरून उतरला तो थेट तिच्या आईच्या बटाट्याच्या वाफ्यात. आई फावडं घेऊन आडवी उभी राहिली. कंपनीच्या माणसाने टोपी काढून, अगदी अदबीने, फुलीचा कागद दाखवला. वरची जमीन तुमची, खालचा कोळसा आमचा, आणि खालचं काढायचं तर वरून जावंच लागतं, नाही का? दुपारपर्यंत कोंबड्यांच्या खुराड्यावर मोटारीएवढा धोंडा येऊन बसला होता. पुढच्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी गंजासारखं लाल झालं. आई कपडे धुताना रडायची, कारण पांढरं काही पांढरं निघेना.

हे ड्रीमाने मला एकदाच सांगितलं, शेवटी म्हणाली, "लोवेल, वरची साय आपली आणि खालचं दूध दुसऱ्याचं, असला धंदा मी करणार नाही. मग भांडं तरी कुणाचं म्हणायचं?"

ओपल प्रॉप्स्टचं घर विक्रीला निघालं तेव्हा ड्रीमा अठ्ठावन्न वर्षांची होती. ओपल विधवा, गुडघ्यांनी बेजार, मुलीकडे निघालेली. पांढरं दुमजली लाकडी घर, मागे सफरचंदांची आठ झाडं, ओढ्याकाठी सपाट तुकडा आणि वर डोंगर. सगळं मिळून एकतीस एकर. जाहिरातीत ठळक अक्षरांत छापलेलं: खनिजांच्या हक्कांसह.

घर बघायला ती आली तेव्हा ओपलने मला पलीकडून हाक मारून बोलावलं होतं, तळघराचं दार अडकलं होतं म्हणून. त्यामुळे मी हजर होतो. दलाल बाई खिडक्या दाखवत होती, छपराचं वय सांगत होती. ड्रीमा सरळ स्वयंपाकघरात गेली आणि तिने शेगडीचा खटका फिरवला. निळी, ठाम ज्योत उठली.

"सिलिंडर कुठे ठेवता?" तिने विचारलं.

"सिलिंडर?" ओपल हसली. "अगं, हा आपल्याच जमिनीतला गॅस. मागे सफरचंदांपाशी ती जुनी विहीर आहे ना, तिथून नळी येते. माझ्या सासूने ह्याच्यावर रांधलं, मी बेचाळीस वर्षं रांधलं. घर ह्याच्यावरच तापतं. बिल म्हणून कधी आलं नाही."

"कधीच नाही?"

"आपल्याच गॅसचं बिल कोण पाठवणार?"

ड्रीमाने हात ज्योतीवर धरला. मग ज्योत बारीक केली, मोठी केली, पुन्हा बारीक केली. तिचा चेहरा मी तेव्हा पाहिला होता. सोनार सोनं कसाला लावून बघतो ना, तसा. खालचं आपलं आहे ह्याचा ह्याहून मोठा पुरावा काय हवा? खालचं वर येऊन तिच्या हाताखाली जळत होतं.

आता इथे मला माझं सांगणं भाग आहे. मी एकतीस वर्षं जुन्या गॅसविहिरींवर फिरत होतो. दर आठवड्याला जायचं, दाब बघायचा, वहीत लिहायचा, झडपेला वंगण लावायचं. असल्या फुकट शेगड्या मी डझनांनी पाहिल्या आहेत. आणि मला हे माहीत होतं की, कंपनी फुकट गॅस देते तो कशाच्या तरी बदल्यात देते. कुणाच्या तरी आज्याने खालचं सगळं कंपनीला लिहून दिलं, आणि बदल्यात मिळवलं काय, तर एका घरापुरता गॅस. ज्या घरात शेगडी फुकट जळते, त्या घराचा गॅस बहुतेक कधीच गेलेला असतो. 'बहुतेक'. ह्याच शब्दाने माझं तोंड बांधलं. मला प्रॉप्स्टांचा कागद ठाऊक नव्हता. ओपल शेजारीण होती, तिचं घर विकलं जायला हवं होतं. परक्या बाईच्या सौद्यात आपण कशाला नाक खुपसा? मी तळघराचं दार मोकळं केलं आणि घरी आलो.

खरेदीखत टीटर वकिलाच्या कचेरीत झालं. ड्रीमा कुणाच्या विश्वासावर सही करणारी नव्हती. तिने सगळं खत बोटाने ओळ धरून वाचलं, टीटर घड्याळाकडे बघत बसला होता. 'खनिजांसह' ह्या शब्दाशी येऊन ती थांबली. मग पुढचा शब्द.

"हे 'असल्यास' कशाला?"

"रिवाज आहे, मॅडम. सगळ्याच खतांत घालतो आम्ही."

ड्रीमाला हसू आलं. "खनिजं असल्यास? अहो, ह्या डोंगराखाली कोळसा नाही तर काय पुरणपोळ्या आहेत? माझा बाप त्याच कोळशाने खोकून मेला." हे मला तिनेच नंतर सांगितलं; खरं तर तिने पुरणपोळ्या म्हटलं नव्हतं, आमच्याकडच्या सफरचंदाच्या पोळीचं नाव घेतलं होतं, पण चव तीच. टीटरसुद्धा हसला. आणि हसून त्याने पेन पुढे केलं.

तिला वाटलं, 'असल्यास' म्हणजे जमिनीत असल्यास. त्याचा अर्थ होता, विकणारीकडे असल्यास. टीटरचं पोटपाणीच असल्या फरकांवर चालायचं. तिने विचारलं, तिने बोट ठेवून विचारलं, आणि ह्या शिकलेल्या माणसाने रिवाज म्हणून सांगितलं. मला आजही त्या हसण्याचा संताप येतो. तिच्या आजोबांनी न वाचता फुली मारली म्हणून लोक त्यांना अडाणी म्हणाले. ड्रीमाने वाचलं, विचारलं, आणि तरी गत तीच. मग शाळा कशाला काढता?

सात वर्षं मात्र तिची फार चांगली गेली. ओढ्याकाठच्या सपाट तुकड्यात ती घेवडा लावायची, काठ्यांवर चढणारा, लांब शेंगांचा. ऑगस्टमध्ये दिवसभर मागच्या दाराशी बसून शेंगा मोडायची आणि त्या निळ्या ज्योतीवर बरण्यांवर बरण्या उकळायची. मला दर वर्षी बारा बरण्या. "रिकाम्या परत आण," म्हणायची, "झाकणंसुद्धा मोजून दिलीत." रविवारी चर्चहून येताना बायका तिच्याकडे थांबायच्या. कुणी कंपनीबिंपनीचं नाव काढलं की ती पाय आपटून म्हणायची, "माझ्याकडे येऊ देत. पाताळापर्यंत माझं आहे."

आठव्या वसंतात तिच्या घेवड्याच्या रानात खुंट्या दिसल्या, प्रत्येकीला गुलाबी फीत. तिने सगळ्या उपटल्या आणि अंगणात जाळल्या. तिसऱ्या दिवशी एक तरुण पोरगा आला. ट्रेंट त्याचं नाव, कंपनीसाठी जमिनींचे कागद बघणारा. बूट एवढे स्वच्छ की, ओढ्याच्या अलीकडून मला चमक दिसली. मी कुंपण दुरुस्त करायच्या निमित्ताने जवळ गेलो.

"मॅडम, तुमच्या खुंट्या... म्हणजे आमच्या खुंट्या कुणीतरी काढल्यात."

"कुणीतरी नाही, मी काढल्यात. माझ्या जमिनीत होत्या."

"हो मॅडम, जमीन तुमचीच आहे. वरची."

तो 'वरची' म्हणाला आणि ड्रीमाच्या हातातलं भांडं खाली आलं. तिने ते फेकलं नाही. अगदी हळू पायरीवर ठेवलं.

"पुन्हा म्हण."

त्याने फाईल उघडली. एकोणीसशे सव्वीस. सायलस प्रॉप्स्ट, ओपलच्या नवऱ्याचा आजा. जमिनीखालचं तेल आणि गॅस, कायमचं, आणि ते काढायला लागेल तशी वरची वाट. बदल्यात थोडी रोख आणि जमिनीतून गॅस निघेल तोवर एका राहत्या घरापुरता गॅस फुकट.

"म्हणजे शेगडी..." ड्रीमा म्हणाली.

"शेगडी त्याच कराराची, मॅडम. खरं तर शेगडी बघून कुणालाही कळलं असतं."

'कुणालाही'. मी कुंपणाच्या तारेकडे बघत राहिलो. ड्रीमाने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. तिला माझा धंदा माहीत होता. पण ती मला त्यावर तेव्हाही काही बोलली नाही आणि पुढेही कधी बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पोराला मात्र तिने सोडलं नाही. "तुझी आई जिवंत आहे?"

"हो, मॅडम."

"तिला सांग, तू आज काय काम केलंस ते. जेवणाआधी सांग."

मग ती निघाली. टीटरकडे गेली, गाडी मी चालवली. टीटरने आम्हाला खुर्चीसुद्धा दिली नाही.

"खतात शब्द आहे, मॅडम. तुम्ही वाचलात."

"मी तुम्हाला विचारलं होतं!"

"वरच्या जमिनीच्या मालकीचा शोध घ्यायला तुम्ही मला नेमलं होतं. खालच्याचा शोध वेगळा असतो. तो कुणी सांगितला तर आम्ही करतो."

"मला काय माहीत तो वेगळा असतो! घर विकत घेतलं तर छप्पर वेगळं आणि भिंती वेगळ्या शोधायच्या काय?"

"कायद्यात तसंच आहे."

दलाल बाईने कानावर हात ठेवले: जाहिरातीतला मजकूर विकणाऱ्यांनी दिला होता. ओपल मुलीच्या घरी फोनवर रडायला लागली, "अगं, पण आमच्याच शेगडीत जळत होता गं! आम्हाला कुणी सांगितलंच नाही." ती खरं बोलत होती. बेचाळीस वर्षं ज्या ज्योतीवर तिने रांधलं, तीच आपली नसल्याची पावती आहे, हे तिच्या सात पिढ्यांत कुणाच्या मनात आलं नसतं. ड्रीमा तिच्यावर चिडलीच नाही. उलट फोनवर तिचीच समजूत घालत बसली. राग तिने नेमक्या जागी ठेवला होता.

त्या आठवड्यात तिने टपालपेटीवरचं नाव पुसलं आणि पांढऱ्या रंगाने नवीन लिहिलं: ड्रीमा कोगर, असल्यास. पोस्टमन हसून हसून बेजार. कंपनीचं पत्र आलं, नुकसानभरपाई घ्या आणि इथे सही करा म्हणून. तिने सही तीच केली, 'असल्यास'सकट, आणि परत पाठवली. कंपनीने दुसरं पत्र पाठवलं. तिने तीच सही केली. तिसरं पत्र ट्रेंट स्वतः घेऊन आला.

"मॅडम, ही सही चालत नाही."

"का? रिवाज आहे."

पण सही नसली तरी त्यांचं अडत नव्हतं. जून महिन्यात यंत्रं आली. ड्रीमाने स्वयंपाकघरातली खुर्ची नेऊन घेवड्याच्या दोन ओळींमध्ये ठेवली आणि मांडीवर परात घेऊन बसली. शेंगा अजून धरल्याही नव्हत्या, परात रिकामी. चार ट्रक आणि एक बुलडोझर घरघरत उभे. शेवटी शेरीफचा माणूस आला, कोडी नावाचा, सहा फूट उंच. त्याने टोपी काढली.

"ड्रीमामावशी, उठा ना."

"तू दुसरीत असताना पाव दोनदा घ्यायचास. तिसरा खिशात घालायचास. मी कधी धरलं तुला?"

"नाही, मावशी."

"माहीत होतं मला. तुझ्या धाकट्या बहिणीसाठी न्यायचास. चोरी होती ती, कागदाप्रमाणे. मग मी काय करायला हवं होतं?"

"मावशी, मला कोर्टाचा हुकूम आहे. मी नाही उठवलं तर दुसऱ्याला पाठवतील, आणि तो तुम्हाला मावशी म्हणणार नाही."

ती बराच वेळ बसली. मग परात काखेत मारून स्वतः उठली. कोडीने हात पुढे केला तो घेतला नाही. "खुर्ची तेवढी घरात आणून दे," म्हणाली. पोराने खुर्ची छातीशी धरून आणली आणि आत ठेवून दाराबाहेर रडला. चारही ट्रकवाले आमच्याच खोऱ्यातले. त्यातल्या एकाने निघायच्या आधी ओळींतल्या काठ्या उपटून नीट मोळी बांधून तिच्या कुंपणाशी ठेवल्या. एवढं तो करू शकत होता, एवढं त्याने केलं. मग रस्ता घेवड्यातून गेला.

नवीन गॅसविहीर खोल, खाली जाऊन आडवी वळणारी. तिच्यासाठी सफरचंदांमागची जुनी विहीर सिमेंटने बुजवायची होती. म्हणजे शेगडीही गेली. इथे मात्र ड्रीमाने पाय रोवले. सव्वीसचा कागद तिने आता पाठ केला होता.

"जमिनीतून गॅस निघेल तोवर एका घरापुरता फुकट. लिहिलंय की नाही? निघतोय की नाही?"

ट्रेंट घाम पुसत म्हणाला, "मॅडम, नव्या विहिरीचा दाब तुमच्या नळीत सोडला तर शेगडीसकट छप्पर उडेल. कंपनी त्याऐवजी टाकी देते. प्रोपेनची. आम्हीच भरून देऊ, जन्मभर."

"कुठला गॅस त्या टाकीत?"

"गॅस तो गॅस, मॅडम. टेक्सासचा असेल."

"माझ्या पायाखालचा गॅस तू टेक्सासला नेणार, आणि टेक्सासचा मला आणून देणार. आणि मी त्याच्यावर रांधून तुला आशीर्वाद द्यायचा?"

"कायद्याने हा पर्याय चालतो."

"तुझ्या कायद्याने सगळंच चालतं रे. नुसती मीच चालत नाही."

त्यांनी टाकी आणलीच. पांढरी, लांबट, डुकरासारखी अंगणात पडलेली. ड्रीमाने रोज सकाळी कचेरीत फोन केला: तुमचं काहीतरी माझ्या जमिनीवर विसरलंय, वरच्या जमिनीवर, वरची माझी आहे ना, मग न्या. एकवीस दिवस. त्यांच्या फोनवरच्या पोरी तिचा आवाज ओळखायला लागल्या. बाविसाव्या दिवशी ट्रक आला आणि टाकी उचलून घेऊन गेला. सगळ्या प्रकरणात तिच्या मनाप्रमाणे झालेली तेवढी एकच गोष्ट.

लोक म्हणाले, म्हातारीचं डोकं फिरलं. फुकट मिळत होतं ते लाथाडलं, आता ह्या वयात लाकडं फोडतेय. तिच्या बहिणी म्हणाल्या, नाक कापून अपशकुन केला, तो कुणाला, तर स्वतःलाच. मला तसं वाटलं नाही. तिने आयुष्यभर एक गोष्ट मागितली होती, आपल्या पायाखालचं आपलं असावं. ती तिला मिळाली नाही, तिच्या आईला मिळाली नाही. त्या गोष्टीच्या जागी कुणी दुसरंच काही हातावर ठेवलं आणि तिने मूठ मिटली असती, तर सौदा झाला असता. तो तिने होऊ दिला नाही. बस.

ओढ्यापलीकडच्या एका पडक्या घरातून तिने लोखंडी चूल आणवली, जड, चार पायांची. ती बसवायला मी आणि कोडी गेलो होतो. धुराडं मी जोडलं. सकाळी तिच्या छपरावरून धूर निघायचा, आणि डोंगरावर चोवीस तास नव्या विहिरीचा घोंगाट चालायचा. त्या घोंगाटात तिला फोनवरचं ऐकू यायचं नाही, म्हणून ती ओरडून बोलायची. माणसाला वाटायचं ती भांडतेय. भांडत असायचीही.

ते दोन हिवाळे मी तिला लाकडं पुरवली. मला त्याहून काही सुचलं नाही. शेगडीपाशी मी जे बोललो नाही, त्याबद्दल माफी मागावी असं दर खेपेला मनात यायचं, आणि दर खेपेला मी लाकडं रचून परत यायचो.

नोव्हेंबरात, ती गेली त्याच आठवड्यातल्या गुरुवारी मी ओढ्याच्या अलीकडून तिला हाक मारली. ती दारात राख टाकायला आली होती. तिच्या डाव्या हातात बादली असणार, आता वाटतं. घोंगाट होताच, म्हणून मी दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडलो, "शनिवारी गाडी भरून लाकडं टाकून जातो!"

"ओकची आण," ती ओरडली. "आणि मागच्यासारखी ओली नकोत!"